ओळखीचा आवाज

लाइट गेली आणि गिरणी एकदम थांबली, म्हणूनच बेआताला तो आवाज ऐकू आला. एरवी त्या घरघरीत कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. बारीक की जाड एवढंसुद्धा बाया बोटांनी सांगतात. पट्टा दोनदा फडफडला आणि गप्प झाला, आणि त्या शांततेत गिरणीवाल्या संतोषच्या हातातला मोबाइल मोठ्यांदा बोलत राहिला. आधी कुठल्याशा हळदीच्या गाण्याचा ठेका, मग एक तरुण, हसरा, लाघवी आवाज. ‘गाववाल्यांनो, फार्महाउसच्या पाण्याच्या मोटरी कोण नेतंय ते सगळ्यांना ठाऊक हाय. वाडीत झुरळं झाल्यात, झुरळं. एक दिसलं की समजायचं, भिंतीत शंभर हायत. औषध मारायची वेळ आली. उद्या सकाळी पाराजवळ या. नाश्ता आपल्याकडून.’ बाया हसल्या. संतोषही हसला, त्याने पुन्हा लावलं. पुन्हा तो ठेका, पुन्हा ते औषध. मग त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि सहज, रोजच्यासारखं तो म्हणाला, “काय बिया वहिनी, तांदूळच ना?” बेआताने मान हलवली. शब्द तिला नवा नव्हता. आवाजही नव्हता. दोन्ही एकाच तोंडातून येतील, हे मात्र तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

तांदळाचा डबा तसाच उचलून ती निघाली. भातं कापून झाली होती, धसकटांच्या मध्ये वाल वर आले होते. डोंगरावरून उतरणारे वीजघराचे नळ उन्हात चकाकत होते आणि घाटातल्या ट्रकांचा एकसुरी हुंकार खोपोलीकडून येत होता. या रस्त्याने ती पहिल्यांदा आली तेव्हा सगळं गाव बांधावर उभं होतं. किशोर भोईर आफ्रिकेत, किगालीत एका हॉटेलच्या वायरिंगच्या कामाला गेला आणि येताना बायको घेऊन आला. काळीभोर, उंच, केस बारीक कापलेली. बेआता हे नाव गावाच्या तोंडात आठवडाभर टिकलं, मग त्याचं बिया झालं. तिनेही होऊ दिलं. त्याच वर्षी किशोरचा थोरला भाऊ गजानन घाटात टेंपोखाली गेला होता. गजाननची बायको शकू पांढऱ्या कपाळाने चुलीशी बसायची आणि तिचा पाच वर्षांचा धनेश दिवसभर नव्या काकीच्या मागे हिंडायचा. मोठी माणसं तिच्याशी हळू, मोठ्यांदा, बहिऱ्याशी बोलावं तसं बोलत. धनेश नुसता बोलायचा. वस्तूवर बोट ठेवायचा आणि तिने बरोबर म्हणेपर्यंत हलू द्यायचा नाही. तिच्या भाषेत र आणि ल वेगळे नव्हते, ळ तर नव्हताच. केळं हा शब्द यायला तिला पंधरवडा लागला, आणि ती तर केळींच्या देशातून आलेली. एकदा मोरीतून एक तपकिरी किडा पळाला आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. धनेशला वाटलं काकी घाबरली. “झुरळ हाय गं,” तो म्हणाला. “म्हण, झु-र-ळ.” ती म्हणाली, झुलल. तो लोळून लोळून हसला. तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं. घामाने पाठ भिजली तरी म्हणत राहिली. आपल्याला एकेकाळी ज्या नावाने हाक मारत, ते नाव एका पोराच्या हसण्यात धुऊन निघतंय असं तिला तेव्हा वाटलं होतं. इथे तो नुसता किडा होता. इथे चप्पल घेऊन त्याला मारत, आणि विसरून जात.

तिच्या देशात, रवांडात, हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत, एकाच उतारावर केळी लावत, एकाच चर्चमध्ये गुडघे टेकत, एकमेकांच्या लग्नांना जात. तरी कोण कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. बेआताचं घर तुत्सींचं. वडील शिंपी, बाजाराच्या दिवशी ओसरीवर मशीन मांडून बसत. शेजारच्या दुकानातला रेडिओ दिवसभर चालू असे. त्यावर छान गाणी लागत, आणि गाण्यांच्या मध्ये एक माणूस गप्पा मारल्यासारखा, हसत हसत बोले. तो तुत्सींना म्हणायचा, इन्येन्झी. झुरळं. लहानपणी तिला तो माणूस आवडायचा. त्याच्या आवाजात जेवण झाल्यासारखी तृप्ती होती. पुढे लोक तिला विचारत, तुला त्यांचा द्वेष कधी जाणवला? ती काय सांगणार? द्वेष जाणवला नव्हता. गंमत जाणवली होती. ज्या दिवशी माणसं मारायला अंगणात आली त्या दिवशीही ती माणसं मजेत होती, कोणीतरी त्यांना पाजलं होतं, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या अंगावर वडिलांनी शिवलेले सदरे होते. आईने दारात उभं राहून त्यांना एकेकाला नावाने हाका मारल्या. तुझ्या लग्नाचा कोट या घरात शिवला, तुझ्या पोराला मी अंगावर पाजलं. सगळी नावं बरोबर होती. एकही चुकलं नाही. त्याने काही झालं नाही, कोणी थांबलं नाही. आईने ढकललं म्हणून ती मागच्या दाराने पळाली आणि पाणथळीतल्या लव्हाळ्यांत शिरली. तिथे दिवसभर गळ्याएवढ्या चिखलात बसायचं, अंधार पडला की बाहेर यायचं आणि आज कोण उरलंय ते एकमेकांना विचारायचं. इथल्या पहिल्या लावणीला खाचरात पाय टाकताच तिला ओकारी झाली होती. तेव्हा शकूने तिला पाठीमागून कवेत धरून बांधावर आणलं, हाताने तिचे पाय धुतले, काही म्हणून विचारलं नाही. तेव्हापासून ती शकूला ताई म्हणते, आणि नुसतं तोंडाने म्हणत नाही.

चहाच्या वेळी धनेश आला. रोज यायचा; काकीच्या हातचा चहा त्याला लागायचा. आता तो प्लॉट विकायचा. कर्जतपासून खालापूरपर्यंत बंगल्यांच्या स्कीमा निघाल्या होत्या, मनगटावर जाड कडं होतं, बोलणं गोड होतं. तिने कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “गिरणीत ऐकलं मी. तुजा आवाज.”

“कुठला आवाज?” त्याने हसत विचारलं, आणि मग हसू जरा जास्तच वेळ तसंच ठेवलं. “अगं मजाक हाय ती, काकी. पोरं हसतात.”

“नाव नाय घातलंस तुजं.”

“नावाची काय गरज?”

“मजाक हाय तर लपवायची काय गरज?”

त्याने कप खाली ठेवला. “तुला इथलं कळत नाय गं. वाडीची जागा काय त्यांची हाय? कागद हाय का एक तरी? स्कीमचा रस्ता तिथूनच जाणार. कातकरी आज हितं, उद्या तिथं. बाहेरून आलेली लोकं.”

“कुठून आली?”

त्याने हात नुसता डोंगराकडे केला. डोंगर तिथेच होता, गावाच्या आधीपासून.

“आमाला पण तेच सांगायचे,” ती म्हणाली. “तुमी लांबच्या देशातून आलेले. नदीत टाकतो, पाणी तुमाला घरी पोचवील. आणि टाकलं, धनेश. नदी भरून माणसं टाकली.”

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. पाच वर्षांचा असताना बघायचा तसं. मग त्याने खांदे उडवले. “ती आफ्रिका हाय, काकी,” तो म्हणाला. चहा अर्धाच राहिला.

किशोर कामावरून आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्याने डोकं धरलं. बाप गेल्यावर धनेशला त्यानेच वाढवलं होतं. “पोरं हायत, बोलतात,” तो म्हणाला. “बोलतात तेव्हाच थांबवायचं असतं,” ती म्हणाली, “नंतर कोण ऐकतो?” तिने पोलिसांना फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, काही झालं तर कळवा. म्हणून दिवस मावळायच्या आत ती वाडीवर गेली. उंबरवाडी म्हणजे कातकऱ्यांची दहाबारा कुडाची घरं. दिवाळी झाली की अर्धी वाडी वीटभट्ट्यांवर जाते. मागे म्हातारी आणि काही पोरं राहतात. गोदा कातकरीण अंगणात कंद सोलत होती. रानभाजी विकायला ती दारावर यायची. पहिल्याच दिवशी तिने आपला हात बेआताच्या हाताला लावून पाहिला होता आणि म्हणाली होती, “तू तर माझ्यापेक्षा काळी. आता गाव मला गोरी म्हणंल.” त्या दिवशी बेआता या देशात पहिल्यांदा पोटभर हसली होती.

“आजच्या दिवस निघून जा,” बेआता म्हणाली. “तुज्या लडकूला घे, पोरांना घे. भट्टीवर जा.”

गोदाने कंद पाण्यात टाकला. “मोटरी आमी नाय नेल्या.”

“मला ठाऊक हाय. त्यांना पण ठाऊक हाय.”

“मग?” म्हातारीने वर पाहिलं. “पळायचं तर आमी कवाच पळालो असतो. मी गेले की सकाळी हितं रस्ता असंल. तू जा, बाय. तुला त्याच घरात ऱ्हायचंय.”

ती घरी आली, झोपली नाही, आणि झोपली नाही याचं तिला आश्चर्यही वाटलं नाही. सकाळी किशोर पहिल्या पाळीला निघाला, दारात घुटमळला, गेला. मुलगी ऋतिका शाळेच्या रिक्षात बसली. मग बेआताने पायात चप्पल घातली आणि बांधाच्या वाटेने वाडी गाठली. ती हिय्या करून निघाली नव्हती. डोक्यात एकच रागीट, बारीक विचार होता: पुन्हा नाही. मागचं दार मला ठाऊक आहे. मी त्याने जाणार नाही.

ती माणसं आली. वडापावचे कागद अजून हातात होते. तीसेक असतील. मागे जेसीबी, पिवळा, हलतडुलत. धनेश पुढे नव्हता. मध्ये, मोबाइल वर धरून शूट करत होता. काकीला गोदाच्या अंगणात पाहून त्याने मोबाइल खाली केला. मग मागे वळून हात हलवला, चालू ठेवा, असा. गोदाचा मुलगा लडकू मधे धावला. “थांबा, आत पोरं हायत!” कोणीतरी काठी मारली. ती कानशिलावर बसली आणि ओला लाकूडफाटा मोडावा तसा आवाज झाला. जेसीबीच्या सोंडेने गोदाच्या चुलीची भिंत ओढली. कूड लवला, माती सुटली, आतली मडकी दिसली. नागव्या पोटासारखं ते घर उघडं पडलं आणि दोन पोरं किंचाळत गोदाच्या लुगड्याला बिलगली. त्या क्षणी बेआताच्या तोंडून नावं बाहेर पडू लागली. तिने ठरवलं नव्हतं. “संतोष! रोहिदास! तुज्या पोरीच्या बारशाला मी रात्रभर भाकऱ्या थापल्या, रोहिदास!” आणि म्हणताना तिला स्पष्ट आठवत होतं की याने काही होत नाही. आईची सगळी नावं बरोबर होती. हे माहीत असूनही ती ओरडत होती, अधिकच मोठ्यांदा ओरडत होती. कारण उपयोग होतो की नाही हा आता प्रश्नच नव्हता. ज्याला जे करायचंय त्याने आपलं नाव कानावर घेऊन करावं. गर्दीत शिरून, बिननावाचं होऊन करू नये. एवढं तरी मी होऊ देणार नाही. ती पुढे गेली आणि सोंडेखाली, नुकत्याच पडलेल्या मातीवर मांडी घालून बसली. डिझेलचा वास, ओल्या मातीचा वास. पाणथळीचा वास नाकात भरला आणि अंग त्याच्यापासून पळालं नाही. “धनेश!” ती म्हणाली. “ये. काल जे बोललास ते हितं बोल. गोदाच्या तोंडावर बोल.”

धनेश पोरांच्या आड सरकला. कोणीतरी शिवी दिली, कोणीतरी ‘परदेशी’ म्हणालं. मग इंजिन बंद झालं. जेसीबीचा ड्रायव्हर, कुठल्याशा लांबच्या मुलखातला, खाली उतरला आणि तंबाखू मळत म्हणाला, “मेरे को बोला था, खाली जमीन है.” एवढंच. त्याने किल्ली खिशात टाकली. सगळ्यांत आधी संतोष मागे फिरला. त्याने वडापावचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला होता, ते तिला दिसलं. मग रोहिदास. मग बाकीचे, एकेक करून. माणसं सुधारली असं तिला वाटलं नाही. मजा गेली होती, एवढंच.

लडकूला कर्जतच्या दवाखान्यात टाके पडले. डाव्या कानाने त्याला ऐकू येईना, आणि येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. गोदाने तक्रार दिली. गावाचा जबाब एकच: रस्त्याच्या कामाला जेसीबी आला होता, बोलाचाली झाली. मेसेज? तो फॉरवर्ड आलेला. आवाज? कोण जाणे कोणाचा. गिरणीत ज्यांनी तो दोनदा ऐकला, त्यांनाही ओळखता येईना. धनेश शूट केलेलं पुसून बसला होता. मग कोणीतरी पोलिसांना म्हणालं, भोईरांच्या बियाला विचारा. आणि बोलावणं आलं.

शकू त्याच दुपारी आली. चौकटीत उभी राहिली, मग एकदम खाली बसून तिने बेआताचे पाय धरले. बेआताने ते सोडवले आणि तीही जमिनीवर बसली.

“सांग, ओळखत नाय म्हणून,” शकू म्हणाली. “एवढंच सांग. मी काय तुला खोटं बोलायला नाय लावत. आवाज काय, फोनातला आवाज कोणाचा पण वाटतो.”

“ताई, तू ओळखलास ना?”

शकूचे डोळे भरले, मग ते पाणी बघता बघता तापलं. “तुजी माणसं मेली,” ती म्हणाली, “म्हणून माजा एकच उरलेला तू तुरुंगात घालणार व्हय? मी तुजे पाय धुतले गं. तुला माफ करता येत नाय? टीव्हीवर दाखवतात तुमच्याकडच्या बाया. नवरा मारलेल्या माणसाला माफ करतात, शेजारी बसवून जेवू घालतात.”

ते बेआताला माहीत होतं. तिकडे नंतर गवतावर गावच्या पंचायती बसल्या. गुलाबी कपड्यांतले कैदी आणून उभे केले आणि त्यांनी काय काय केलं ते सगळ्यांसमोर बोलायचं होतं. वडिलांना मारणारा माणूस बोलला. कुठे मारलं, कुठे टाकलं, सांगितलं. मग म्हणाला, मला माफ कर. सगळी सभा तिच्याकडे वळली, पंच वळले, कॅमेरा घेऊन आलेली एक गोरी बाई वळली. तिने हो म्हटलं असतं तर सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. त्या दिवसाला एक शेवट मिळाला असता. ती म्हणाली, मी ऐकलं. आणि खाली बसली. लोकांना ते कमी वाटलं. तिला मात्र त्याहून एक शब्दही जास्त देणं परवडणार नव्हतं. तिच्याकडे जे उरलं होतं ते तिचं होतं. कोणाच्या समाधानासाठी ते वाटायचं नव्हतं.

“ताई,” ती म्हणाली, “तो अजून काय बोललाच नाय. माफ काय करू? ‘मी केलं’ म्हणाला का तो तुला?”

“पोरगा हाय.”

“लडकू पण कोणाचा तरी हाय.” तिला शकूचा हात धरायचा होता. तो तिने धरला, आणि शकूने तो काढून घेतला. “तू माजे पाय धुतलेस ते मी मरेपर्यंत नाय विसरणार. पण त्याच्या बदल्यात हे मागू नको. हे मागितलंस तर तेसुद्धा जाईल.”

शकू उठली. ओट्यावरून उतरताना म्हणाली, “आजपासून तुजं माजं संपलं.” बेआता बसून राहिली. चुलीवरचं दूध उतू गेलं, तो वास घरभर पसरला, तरी बसून राहिली. रडू आलं ते तिने येऊ दिलं. रडणं वेगळं आणि माघार घेणं वेगळं, हे तिला फार लहानपणी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी किशोरने बाइक काढली. तालुक्यापर्यंत दोघं बोलली नाहीत. पोलीस स्टेशनच्या फाटकाशी त्याने इंजिन बंद केलं आणि हँडल धरूनच म्हणाला, “मी आत नाय येणार. माज्यानं नाय व्हायचं.” तिने त्याच्याकडे पाहिलं. रात्रभरात तो म्हातारा दिसू लागला होता. “नको येऊ,” ती म्हणाली. “थांब फक्त.” त्याने मान हलवली.

आत टेबलामागे बसलेला माणूस वाईट नव्हता. त्याने पाणी मागवलं, पंखा तिच्याकडे वळवला, मग मोबाइलवर तो मेसेज लावला. हळदीचा ठेका, हसरा आवाज, औषध.

“ओळखता?”

“हो.”

“कोणाचा आवाज आहे?”

“धनेश गजानन भोईर.”

“तुमचा कोण?”

“पुतण्या. सख्ख्या दिराचा मुलगा.”

त्याने लिहायला उचललेलं पेन टेबलावर आडवं ठेवलं. खुर्चीत मागे टेकून तो जरा हळू आवाजात, खरंच तिच्या भल्यासाठी बोलावं तसा म्हणाला, “बाई, नीट विचार करा. तुम्ही बाहेरच्या देशातल्या. उद्या गावात तुमचं कोण? आणि हा तर घरचा मुलगा आहे.”

“घरचा हाय म्हणून तर ओळखला,” बेआता म्हणाली. “बाहेरच्याचा आवाज मला कुठून ओळखता आला असता? लिहा.”

त्याने पेन उचललं नाही. तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून बसली. बाहेर दुपार चढत होती. तिला कुठेही जायचं नव्हतं.